घरचे ध्वनिमुद्रण आणि संगणकाचा पंखा

ध्वनिमुद्रण ही एके काळी संस्थांची मिरासदारी होती. १९२७ साली मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. तेव्हापासून पुढे कित्येक दशके ज्याला आपला आवाज दूरवर पोहोचवावयाचा असे, त्याला एखाद्या नभोवाणी केंद्राच्या किंवा ग्रामोफोन कंपनीच्या दारी जावे लागे. तेथे त्याला ज्या खोलीत बसविले जाई, तिची रचना लक्षात घेण्यासारखी असे. जाड भिंती, दुहेरी दारे, भिंतींवर ध्वनी शोषून घेणारे आवरण आणि समोर दुहेरी काचेची एक खिडकी. खिडकीच्या अलीकडे वक्ता आणि त्याच्यापुढील मायक्रोफोन. पलीकडे यंत्रे आणि ती चालविणारे तंत्रज्ञ. दोघांना एकमेकांच्या खुणा दिसत. परंतु यंत्राची कुरकुर वक्त्याच्या खोलीत शिरत नसे. यंत्र आणि मनुष्याचा आवाज ह्यांच्यामध्ये एक भिंत असली पाहिजे, हे त्या वास्तुरचनेचे साधे सूत्र होते.

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करण्याची सोय झाली आणि ही भिंत नाहीशी झाली. आज साधा संगणक, एक मायक्रोफोन आणि विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्या सामग्रीवर कोणालाही आपला आवाज टिपता येतो. मात्र ज्या टेबलावर मायक्रोफोन उभा असतो त्याच टेबलावर संगणकही असतो, आणि त्या संगणकाच्या पोटात एक पंखा फिरत असतो. बोलताना त्याचे भान राहत नाही. मुद्रण ऐकावयास घेतले की प्रत्येक शब्दामागे एक अखंड घरघर ऐकू येते. मनुष्याच्या कानामागे मन असते. ते नको तो आवाज बाजूला सारून हवा तेवढाच ऐकते. मायक्रोफोनला मन नसते. जे जे त्याच्यापर्यंत पोहोचते, ते ते तो सारख्याच निष्ठेने नोंदवितो.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु घरी केलेल्या मुद्रणावर आज काय काय अवलंबून आहे, हे पाहिले म्हणजे तिचे महत्त्व ध्यानात येते. २००५ साली सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्स ह्या उपक्रमात जगभरचे स्वयंसेवक स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले ग्रंथ आपापल्या घरी बसून वाचतात आणि ते वाचन सर्वांना विनामूल्य उपलब्ध होते. २०२० सालच्या टाळेबंदीत तर शिक्षक, वृत्तनिवेदक, कीर्तनकार आणि गायक ह्या सर्वांनाच स्वतःचे घर हीच मुद्रणशाळा करावी लागली. अंध वाचकांसाठी पुस्तके वाचून देणारे अनेकजण हे काम घरूनच करतात. असा वाचक एखादी कादंबरी आठ-आठ, दहा-दहा तास कानाला लावून ऐकतो. डोळस मनुष्याला छपाई पुसट असली तर जो शीण होतो, तोच शीण ह्या श्रोत्याला शब्दांमागच्या अखंड घरघरीने होतो. त्याच्या दृष्टीने स्वच्छ मुद्रण म्हणजे स्वच्छ छपाईच होय.

आणखी एक बाजू आहे. तंजावरकडील मराठी कुटुंबांत तीनशे वर्षांहून अधिक काळ जी मराठी बोलली गेली, ती मुख्यतः घरातच राहिली. अशा बोली कानांनीच टिकतात. लिहून ठेवल्या तरी त्यांचा हेल कागदावर उतरत नाही. घरातील वृद्ध स्त्रीने सांगितलेली कहाणी, तिची म्हण, तिची अंगाई हे सारे नातवंडांना टिपून ठेवावयाचे असते, आणि ते टिपण्याची संधी पुष्कळदा एकदाच येते. ते मुद्रण पंख्याच्या आवाजाने डागाळले, तर पुन्हा करण्याची सोय राहीलच असे नाही.

येथे कोणी असे विचारील की, प्रत्येक पार्श्वध्वनी त्याज्यच मानावयाचा काय? तसे नाही. गी पॉइतेव्हाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जात्यावर बसून म्हटलेल्या ओवीच्या मागे दगडाची घरघर ऐकू आली, तर ती उणीव ठरत नाही. ओवीची लय त्या घरघरीतूनच जन्मलेली असते. जाते हे त्या गाण्याचे घर आहे. संगणकाच्या पंख्याचे बोलणाऱ्याशी असे कसलेच नाते नसते. जो आवाज विषयाचा आहे तो ठेवावा आणि जो केवळ साधनाचा आहे तो दूर करावा, एवढाच विवेक येथे अभिप्रेत आहे.

आता हा पंखा संगणकात आला तरी कशासाठी, ते पाहू. संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. १९४५ साली अमेरिकेत पुऱ्या झालेल्या एनिॲक ह्या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. ती उष्णता बाहेर काढण्यासाठी मोठाल्या वातयंत्रांची योजना करावी लागली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणकही निर्वात नलिकांचाच होता. पुढे ट्रान्झिस्टर आणि एकात्मिक मंडले आली, यंत्रे लहान झाली, आणि १९८४ सालचा पहिला मॅकिन्टॉश तर पंख्यावाचूनच चाले. परंतु प्रोसेसरचा वेग जसजसा वाढला, तसतशी नखाएवढ्या जागेत निर्माण होणारी उष्णताही वाढली. १९९३ साली पेंटियम आला, आणि त्यानंतर प्रोसेसरच्या डोक्यावर स्वतंत्र पंखा असणे ही नित्याची बाब झाली. तात्पर्य, पंखा हा चोर नसून चौकीदार आहे. त्याला हाकलून देणे हा उपाय नव्हे. त्याला फार धावावे लागू नये अशी व्यवस्था करणे, हाच खरा उपाय होय.

पंख्याच्या आवाजाचे दोन भाग असतात. एक भाग सुराचा. पाती ठराविक अंतराने हवा कापतात, त्यामुळे एक स्थिर स्वर उमटतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ फेरे आणि १७५ वेळा पात्याचा आघात, असा हिशेब होतो. १७५ हर्ट्झचा हा स्वर नेमका मनुष्याच्या आवाजाच्या मुलखातच येऊन बसतो. म्हणून खालचे स्वर कापणारी चाळणी लावून तो काढता येत नाही. दुसरा भाग सळसळीचा. जाळीतून आणि धातूच्या पातळ पत्र्यांमधून हवा खळबळत जाते, तेव्हा सर्व कंपनसंख्यांवर पसरलेली एक फुसफूस निर्माण होते. ह्यांखेरीज जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल, तर तिची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि सेकंदाला १२० कंपनांचा आपला मंद सूर त्यात मिळविते.

उपाय योजण्यापूर्वी निदान केले पाहिजे. त्याची रीत सोपी आहे. कोणीही न बोलता खोलीतील शांततेचेच अर्धा मिनिट मुद्रण करावे आणि ते हेडफोन लावून ऐकावे. मग छताचा पंखा बंद करून पुन्हा अर्धा मिनिट, स्वयंपाकघरातील फ्रीज काही वेळ बंद ठेवून पुन्हा अर्धा मिनिट, संगणक दूर नेऊन पुन्हा अर्धा मिनिट, असे एकेक कारण वगळीत जावे. ह्यात आवाजाच्या गणिताचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ४० डेसिबलचा एक आवाज आणि ३० डेसिबलचा दुसरा, ह्यांची बेरीज ७० होत नाही. ती ४० च्या किंचित वर, सुमारे ४०.४ एवढीच होते. म्हणजे मोठा आवाज तसाच ठेवून लहान आवाज पूर्ण बंद केला तरी फारसे साधत नाही. छताचा पंखा फिरता ठेवून संगणकाच्या पंख्यावर पैसे खर्च करणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे. मायक्रोफोनची वायर काढून टाकल्यावरही मुद्रणात गुणगुण राहिली, तर ती पंख्याची नसून विजेची आहे असे समजावे. तिचे कारण बहुधा वायरीत, विद्युतजोडणीत किंवा भूसंपर्कात असते आणि तिचा उपायही निराळा आहे.

आता उष्णतेचा विचार. आवाज टिपणे हे काम संगणकाच्या दृष्टीने अगदी हलके आहे. एका माणसाच्या बोलण्याचे उत्तम प्रतीचे मुद्रण सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट ह्या मापाने केले, तर तासाभरात सुमारे ३१८ मेगाबाइट एवढीच सामग्री साठते. आजच्या कोणत्याही प्रोसेसरला एवढ्याने घाम फुटत नाही. तरीही पंखा जोराने फिरत असेल, तर त्याचे कारण दुसरे काही चाललेले असते: मागे उघडी राहिलेली संकेतस्थळे, विषाणूंचा शोध घेणारे सॉफ्टवेअर, आपोआप उतरून घेतले जाणारे नवे अद्ययावतीकरण. मुद्रणाच्या वेळी ही सर्व कामे थांबवावी. बहुतेक संगणकांत वीज वाचविण्याची एक योजना असते, ती निवडावी. प्रोसेसरचा कमाल वेग थोडा खाली आणला की उष्णता घटते आणि पंखा आपोआप मंदावतो. ह्या सर्व उपायांना एक पैसाही लागत नाही.

आपल्या देशातील हवेमुळे येथे एक पेच उभा राहतो, तो थंड देशांतील पुस्तकांत आढळत नाही. मुद्रणासाठी छताचा पंखा बंद करावा लागतो आणि रस्त्यावरचा गलबला नको म्हणून खिडक्याही लावून घ्याव्या लागतात. मे महिन्याच्या दुपारी अशा कोंदट खोलीत तासभर बसले, तर बोलणाऱ्याच्या अंगाची आणि संगणकाची अशा दोहोंच्या उष्णतेने खोली तापत जाते. खोलीचे तापमान जेवढ्या अंशांनी वाढते, जवळजवळ तेवढ्याच अंशांनी यंत्राच्या आतले तापमानही वाढते. साहजिकच त्याचा पंखा अधिक वेगाने फिरू लागतो. पहिल्या दहा मिनिटांत स्वच्छ असलेले मुद्रण चाळिसाव्या मिनिटाला घरघरू लागते, ते ह्यामुळे. ह्यावरचा उपाय यंत्रात नसून घड्याळात आहे. मुद्रण पहाटे करावे. त्या वेळी खोली गार असते, रस्ता निजलेला असतो, आणि गळाही ताजा असतो. दिवसा करणे भागच असेल, तर वीस-वीस मिनिटांचे भाग पाडून मधल्या वेळात दारे-खिडक्या उघडाव्या आणि पंखा लावावा.

धुळीकडेही लक्ष पुरविले पाहिजे. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पत्र्यांचा जो ठोकळा बसविलेला असतो, त्याच्या फटी वर्षा-दोन वर्षांत धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी बुजून जातात. मग तेवढीच उष्णता काढण्यासाठी पंख्याला दुप्पट धावावे लागते. संगणक बंद करून, त्याची विजेची वायर काढून, मऊ कुंचल्याने आणि हवेच्या झोताने ही धूळ झाडावी. झाडताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, म्हणजे झोताने ती वेडीवाकडी गरगरत नाहीत. विजेचा पुरवठा करणारी पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवण्याची सवय अनेकांना असते. त्यामुळे त्याची हवा घेण्याची खालची छिद्रे झाकली जातात आणि बिचारा धापा टाकू लागतो. तो टणक पृष्ठभागावर, मागची बाजू थोडी उचलून ठेवला, तर फरक लगेच जाणवतो.

ज्याचा संगणक टेबलावरचा आहे, त्याला पंखाच बदलण्याची सोय आहे. येथे एक नियम उपयोगी पडतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी वाहते, परंतु आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आणि १० डेसिबलचा उतार कानाला साधारणतः निम्म्या आवाजासारखा वाटतो. ह्याचा अर्थ असा की लहान पंखा जोराने फिरविण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरविणे केव्हाही श्रेयस्कर. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा बसविला, तर हवा जाण्याचे क्षेत्र सव्वादोन पट होते आणि कमी फेऱ्यांत तेच काम होते. पुष्कळ संगणकांत तापमान आणि पंख्याचा वेग ह्यांचे प्रमाण ठरविता येते. ते प्रमाण असे ठेवावे की किंचित उष्णता वाढताच पंखा उसळी घेणार नाही. सतत चढउतार करणारा आवाज स्थिर आवाजापेक्षा कानाला अधिक टोचतो. तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी घनस्थितीची डिस्क बसविली, तर फिरणारा एक भाग कायमचा कमी होतो.

यंत्राची एवढी व्यवस्था लावल्यावर मायक्रोफोनकडे वळावे. ह्या विषयात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी औषध जर कोणते असेल, तर ते अंतर होय. तोंड आणि मायक्रोफोन ह्यांतील अंतर ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणले, तर बोलणाऱ्याचा आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो; पंख्याचा मात्र होता तेवढाच राहतो. मग मुद्रणाची पातळी १२ डेसिबलने खाली आणली की आवाज पूर्वीएवढा आणि पंखा पूर्वीपेक्षा कितीतरी दूर गेलेला. मात्र जवळ जाण्याला मर्यादा आहे. मराठीत महाप्राण वर्णांची रेलचेल आहे. फ, भ, ख, घ हे वर्ण उच्चारताना हवेचा जो लोट बाहेर पडतो, तो सरळ मायक्रोफोनवर आदळला तर 'धप्' असा धक्का नोंदविला जातो. ह्यासाठी मायक्रोफोन तोंडासमोर न धरता किंचित बाजूस ठेवावा आणि मध्ये पातळ कापडाची चकती लावावी.

अंतराच्या जोडीला दिशा आहे. बहुतेक मायक्रोफोन समोरचे अधिक आणि मागचे कमी ऐकतात. ज्यांच्या श्रवणक्षेत्राचा आकार हृदयासारखा असतो, त्यांची पाठ जवळजवळ बहिरी असते. ती पाठ संगणकाकडे करावी. वाचणाऱ्याच्या समोर मायक्रोफोन, आणि मायक्रोफोनच्या मागे, शक्य तितका दूर, संगणक, अशी एका रेषेतील मांडणी उत्तम. एक मात्र विसरू नये. पंख्याचा आवाज वाचणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर आपटून मायक्रोफोनच्या तोंडात शिरू शकतो. आपल्याकडच्या घरांत फरशी टणक आणि भिंती गुळगुळीत. अशा खोलीत ध्वनी चेंडूसारखा उड्या मारीत राहतो. वाचणाऱ्याच्या मागे दोरीवर एखादी जाड गोधडी टांगली, खाली सतरंजी घातली आणि कपड्यांचे कपाट उघडे ठेवले, तरी ह्या उड्यांना पुष्कळ आळा बसतो.

गोधडीच्या बाबतीत एक सार्वत्रिक गैरसमज आहे, तो दूर केला पाहिजे. प्रतिध्वनी शोषून घेणे आणि ध्वनी अडविणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. गोधडी पहिली गोष्ट करते, दुसरी नाही. ध्वनी अडवावयाला वजन लागते, आणि फटही चालत नाही. कितीही भक्कम भिंत असो, तिच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्शाएवढे भोक राहिले, तरी तिचा अडथळा २० डेसिबलपलीकडे जात नाही. म्हणूनच संगणकाभोवती गोधड्या गुंडाळण्याचा उपाय दुहेरी तोट्याचा ठरतो: आवाज फारसा अडत नाही आणि यंत्र मात्र तापते. संगणक बंद कपाटात कोंडण्याचेही तेच. थोड्या वेळाने आतली हवा तापते, पंखा पिसाळतो, आणि पूर्वी नव्हता एवढा आवाज होतो.

आवाज केवळ हवेतूनच येतो असेही नाही. तंबोऱ्याची तार एकटी छेडली तर तिचा नाद क्षीण असतो. भोपळ्याच्या आणि लाकडाच्या संगतीने तो घुमतो. संगणक पोकळ लाकडी टेबलावर ठेवला, म्हणजे ते टेबलही नकळत असाच भोपळा होऊन बसते. पंख्याची कंपने लाकडातून मायक्रोफोनच्या दांडीत चढतात. संगणक जमिनीवर, रबराच्या किंवा फोमच्या तुकड्यांवर ठेवावा आणि मायक्रोफोनला वेगळा आधार द्यावा. कधीकधी एवढ्यानेच निम्मी घरघर जाते.

ह्या सर्वांहून उत्तम उपाय म्हणजे ती जुनी भिंत पुन्हा उभी करणे. संगणक शेजारच्या खोलीत ठेवून मायक्रोफोनची वायर दाराखालून आणली, तर अर्धे शास्त्र अनावश्यक होते. ह्यासाठी संतुलित पद्धतीची जाड वायर वापरावी; ती कित्येक मीटर लांब असली तरी बिघाड होत नाही. यूएसबीच्या वायरीला मात्र लांबीची मर्यादा असते. तिच्या दुसऱ्या प्रचलित मानकात ती ५ मीटर आहे. किंवा संगणक वगळूनच टाकावा. खिशात मावणारा ध्वनिमुद्रक, मोबाईल फोन, टॅब्लेट ह्यांत बहुधा पंखा नसतोच. २०२० सालापासून आलेल्या काही लॅपटॉपांतही, उदाहरणार्थ ॲपलच्या मॅकबुक एअरमध्ये, तो नाही. आवाज अशा साधनावर टिपावा आणि नंतर संगणकावर घेऊन त्याची काटछाट करावी. काटछाटीच्या वेळी पंखा कितीही ओरडला तरी बिघडत नाही.

शेवटी, झाल्या मुद्रणातून घरघर काढून टाकणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी दोन शब्द. १९७९ साली स्टीव्हन बोल ह्यांनी मांडलेली एक रीत ह्या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. शांततेच्या तुकड्यावरून पार्श्वध्वनीचा नमुना घ्यावयाचा आणि संपूर्ण मुद्रणातून तो वजा करावयाचा, अशी ती कल्पना. ऑडॅसिटी ह्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही असा नमुना घेऊन घरघर कमी करण्याची सोय आहे. परंतु ही वजाबाकी नेहमीच निखळ नसते. ती जोराने केली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो आणि मागे चमत्कारिक किणकिण उरते. मराठीला ह्याचा विशेष उपद्रव आहे. आपल्या लिपीत च, ज, झ ही अक्षरे एकेकच आहेत. परंतु त्यांचे उच्चार दोन-दोन. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य. लिहिताना भेद नाही, तो सारा उच्चारात, आणि उच्चारातही जिभेच्या टोकाशी होणाऱ्या सूक्ष्म घर्षणात आहे. हे घर्षण म्हणजेसुद्धा एक प्रकारची सळसळच. पंख्याची सळसळ कापणारी कात्री तिलाही खरवडते. संदर्भावरून अर्थ लागतो हे खरे; पण प्रत्येक शब्दाला संदर्भाचा आधार शोधावा लागला, तर श्रोता थकतो, आणि ज्या बोलीचा बारकावा जपण्यासाठी मुद्रण केले, तो बारकावाच नाहीसा होतो.

बोलण्याच्या मधल्या विरामांत आवाज पूर्ण बंद करणारी झडपही अशीच फसवी आहे. वाक्य सुरू झाले की घरघर उगवते, थांबले की मावळते. ती सतत असण्यापेक्षा असे येणे-जाणे कानाला अधिक खटकते. म्हणून सॉफ्टवेअरचा उपयोग मिठासारखा करावा. शांततेचा स्तर कोठवर उतरला म्हणजे पुरे, ह्याची एक कसोटी सांगता येईल. बोलपुस्तके स्वीकारणाऱ्या 'एसीएक्स' ह्या परदेशी मंचाने पार्श्वध्वनी उणे ६० डेसिबल किंवा त्याहून खाली असावा असा दंडक घातला आहे. वर सांगितलेल्या घरगुती उपायांनी हा दंडक साधारण शांत खोलीत पाळता येण्यासारखा आहे.

ह्या सर्व विवेचनात एक क्रम आहे आणि तो पाळणे हिताचे आहे. आधी वेळ आणि जागा, मग यंत्रावरचा भार, मग धूळ, मग अंतर आणि दिशा, मग खोली, मग खर्चाचे सुटे भाग, आणि सर्वांत शेवटी सॉफ्टवेअर. पुष्कळ लोक हा क्रम उलटा करतात. त्यामुळे पैसा जातो आणि घरघर राहते.

मात्र ह्या क्रमाचा अतिरेकही होऊ नये. शांततेची तयारी कधी पुरी होत नाही, आणि माणसे तिच्यासाठी थांबत नाहीत. नव्वदीला आलेल्या आजीने सहज एखाद्या संध्याकाळी कहाणीला सुरुवात केली, तर त्या वेळी गोधडी शोधीत बसू नये. हाताशी जे साधन असेल ते सुरू करावे आणि तिच्याजवळ सरकावे. पंख्याची थोडी घरघर असलेली कहाणी पुढील पिढी ऐकू शकेल; टिपलीच न गेलेली कहाणी कोणत्याही उपायाने ऐकता येणार नाही. मुद्रण झाल्यावर ते दोन ठिकाणी जपून ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, खोली गार असताना, संगणक शेजारच्या खोलीत ठेवून, त्या कहाणीचा उरलेला भाग सांगण्याची तिला विनंती करावी.